रविवारचा खोकला

निपाणी
रविवार, ३ ऑगस्ट २०२५

पूर्णिमा,

माझा नंबर तू तुझ्या फोनवर बंद करून ठेवलास, म्हणून हे पत्र. पोस्टात पाकीट मागितलं तर खिडकीतली बाई म्हणाली, "आक्का, कोर्टाचं काय न्हाय न्हवं?" हल्ली कागदावर लिहून पाठवायचं म्हटलं की लोकांना कोर्टच आठवतं.

मे महिन्यातलं मी मनात धरलेलं नाही. महिनाभर आजीकडे राहिलेल्या भैरवीला न्यायला तू आलीस, मी खोकत होते, आणि तू मनुबाईच्या देखत म्हणालीस, "आई, उद्याच्या उद्या दवाखान्यात चल, छातीचा फोटो काढू." तुझं चुकलं असं म्हणत नाही. पण तीस वर्षं मी तंबाखूच्या वखारीत मुकादमीण आहे. माझ्या हाताखालच्या बायका खोकल्या तर डॉक्टरच्या आधी मला विचारतात. त्यातल्या एकीसमोर तू मला दवाखाना शिकवलास. मग मी बोलले. तंबाखूच्या मजुरीवर शिकलीस, बेळगावात टिळकवाडीच्या बंगल्यातली सून झालीस, आता आईच्या अंगावरचा तंबाखूचा खकाणा तुला घाण वाटतो, असं. हे बोलायला नको होतं, एवढं कबूल करते. तू पोरीला उचललंस आणि न जेवता दुपारची गाडी धरलीस.

आता इकडचं सांगते. वखारीत दवाखान्याची माणसं आली होती, खोकणाऱ्या बायकांच्या बेडक्याची तपासणी करायला. एकेकीच्या हातात डबी दिली. मनुबाई म्हणते, "आजवर रस्त्यावर थुकलो तर कोन इच्यारत नव्हतं. आता थुकाय बी डबी व्हय?" सगळ्या हसल्या आणि कुणीच डबी भरेना. म्हणाल्या, "आमची आक्का हाय की. कान लावती आनि सांगती. तिला कशाला पायजे मशीन?" त्यांच्याबरोबर आलेली आशा सेविका यशोदाबाई माझ्याकडे बघायला लागली. शेवटी पहिली डबी मी भरून दिली. दाखवायला. मग बाकीच्यांनी दिल्या. रिपोर्ट यायचे आहेत.

माझी पारख तुला तोंडपाठ आहे. तंबाखूला चाळण मारताना बारीक धुळीचा खकाणा उडतो, नाकातोंडात जातो, सोमवारी खोकला सुरू होतो. रविवारी घरी बसलं की तो बसतो. रविवारीही जो बसत नाही तो दुसरा, त्याला दवाखाना. साधी गोष्ट आहे. आज रविवार. सकाळपासून मी चार वेळा खोकले. चार म्हणजे काहीच नाही.

बायका घाबरतात ते भलत्यालाच. गेल्या आठवड्यात हायवेवर ट्रकनं वडापच्या जीपला धडक दिली. जेवणाच्या सुट्टीत ती बातमी मीच पेपरातून वाचून दाखवली. तेव्हापासून सहाजणी वडापमध्ये बसत नाहीत, त्याच हायवेच्या कडेनं अंधारातून चालत येतात. मी म्हटलं, "अगं, चालताना ट्रक दिसतोय तरी का तुमाला?" तर म्हणतात, "पेपरात वडापचं आलंय, चालणाऱ्याचं कुटं आलंय?"

भैरवी कशी आहे? जेवते का? इथे होती तेव्हा माझ्याच ताटात जेवायची आणि रात्री माझ्या पदरात तोंड खुपसून निजायची. संध्याकाळी तिचं अंग गरम लागतं का? मानेला हात लावून बघ, गाठबिठ नाही ना. पावसात पोरांना डास चावतात, त्याच्यानंही येते. असंच विचारते.

माझ्याशी बोलू नकोस हवं तर. एवढ्या प्रश्नांचं मात्र दोन ओळींत लिही.

आई


निपाणी
रविवार, १७ ऑगस्ट २०२५

पूर्णिमा,

रोज पोस्टमन गल्लीच्या तोंडाशी सायकल वळवतो आणि आपल्या दाराकडे न बघता पुढे जातो. राग आहे, ठीक आहे. पत्र मिळालं असेल एवढं धरून चालते.

वखारीत एक केस निघाली. क्षयाची. कोण ते विचारू नकोस, नाव सांगायचं नसतं. तिला औषधं सुरू झाली आहेत, सहा महिने घ्यायची आहेत. काम बंद केलेलं नाही, फक्त चाळणीवरून हलवून गोणी मोजायला बसवलं आहे आणि तोंडाला कपडा बांधायला लावला आहे.

त्यावरून यशोदाबाई माझ्याकडे आली. म्हणाली, "आक्का, दवाखान्याच्या वहीत या वर्षीच्याच बायका हायत्या. तुमाला सगळ्या ठावं. आजवर कोन कोन खोकत हुत्या आनि तुमी कुनाकुनाला धुरळा म्हनून सांगितलंसा, तेवडं लिवून द्या." मला बरं वाटलं, खोटं कशाला सांगू. आपल्याला कुणी विचारतं याचं बरं वाटतं.

त्या दिवशी संध्याकाळी वही घेऊन बसले. एक्केचाळीस नावं झाली. आधी ज्या आठवल्या त्या सगळ्या बऱ्या झालेल्या. मनुबाई, तिची जाऊ, अकोळची ती उंच बाई, सगळ्या अजून कामावर येतात, मला भेटतात, "आक्का, तुमी म्हनलासा तसंच झालं" म्हणतात. एकोणतीस नावं अशी भराभर लिहिली. पुढची बारा सुचायला मात्र मला तीन दिवस लागले, पूर्णिमा. त्या बाराजणींना मी धुरळाच आहे म्हणून सांगितलं होतं, आणि त्या पुढच्या हंगामाला आल्याच नव्हत्या. तेव्हा मी काय म्हटलं असेन? गावाकडे गेली असेल. सुनेनं घरी बसवलं असेल. बायका येतात, जातात. आली नाही तिचं मी डोक्यातून नाव काढून टाकलं आणि आली तिलाच मोजत राहिले. माझा कान कधी चुकला नाही असं मी तुला सांगत आले, ते या मोजणीवर.

सुट्टी टाकून कोगनोळीला गेले. तिथली मालुबाई बारातली एक. माझ्याबरोबर अकरा वर्षं चाळणीवर होती. तुला आठवत असेल, तुझ्या बारावीला पेढे घेऊन आलेली. घर सापडलं. भिंतीवर फोटो होता आणि फोटोला हार.

तिचे मालक मारुतीराव अंगणात बसले होते. मला बघून उठले, डोक्याला टॉवेल गुंडाळला. "या या आक्कासाब. बसा की. च्या टाकाय सांगतो." मी विचारलं, कधी झालं? "सा वर्सं झाली. लई वाळलती. शेवटी शेवटी उटून बसाय बी येत नव्हतं. समदी म्हनायची, दवाखान्यात न्या, न्या. मी म्हनलो, आक्कानं सांगितलंय न्हवं, धुरळा हाय. उगंच सुया कशाला टोचायच्या?"

मी पदराचं टोक पिळत बसले. त्यांना वाटलं, मला वाईट वाटलं म्हणून. माझी समजूत घालायला लागले. "तुमी कशाला मनाला लावून घेताय? तुमी म्हनालतासा ते खरंच झालं की. धुरळ्यानंच गेली बगा."

चहा पिऊन आले. साखर जास्त होती.

बारांपैकी पाचजणींच्या घरापर्यंत मी आतापर्यंत पोचले. तिघी नाहीत. एक आंधळ्या सासूबरोबर कागलला असते, तिला यशोदाबाईनं तपासायला नेलं. पाचवी खरंच गावाकडे गेली होती, गाय पाळून आहे, ठणठणीत आहे. तिला बघून मला इतका आनंद झाला की ती घाबरली.

घरी येताना वाटेत मनात एकच चाललं होतं. पाचातली एक तर बरी निघाली. म्हणजे उरलेल्या सातांतल्याही... असं मी अजून मोजत होते.

भैरवीला काट्यावर उभी कर आणि किती भरते ते लिही. ती पहिल्यासारखी उड्या मारते का, की शाळेतून आली की पडून राहते? डोकं दुखतं म्हणते का? तुझ्या सासूबाईंना विचार, त्या घरी असतात, त्यांना दिसत असेल. विनोदिनीबाईंना माझं नाव सांगू नकोस हवं तर. तूच विचारतेस असं कर.

आई


निपाणी
गुरुवार, ४ सप्टेंबर २०२५

पूर्णिमा,

हे पत्र उघडशील तेव्हा उभी असलीस तर उभ्यानंच निघ. उरलेलं वाटेत वाच.

भैरवीला घेऊन मोठ्या दवाखान्यात जा आणि हे एवढंच सांग: हिच्या आजीला क्षय आहे, मे महिनाभर ही तिच्याबरोबर एका अंथरुणात निजत होती. माझ्या कानाबद्दल, वखारीबद्दल, खकाण्याबद्दल काही बोलू नकोस. तेवढं एक वाक्य.

वखारीतली केस मी आहे.

पहिलं पत्र तुला लिहिलं तेव्हा रिपोर्ट माझ्या पोलक्यात होता. आदल्या दिवशी, शनिवारी, आला होता. 'रिपोर्ट यायचे आहेत' हे मी खोटं लिहिलं. त्या रविवारी मी चार वेळा नाही, किती वेळा खोकले ते मी मोजलंच नाही. चारनंतर मोजायचं सोडून दिलं. जुलैत पंधरा दिवस वखार बंद होती, तेव्हाही खोकला थांबला नव्हता. माझ्याच पारखेनं बघितलं तर तेव्हाच दवाखाना गाठायला हवा होता. पण मी म्हटलं, तीस वर्षांचा धुरळा आहे, पंधरा दिवसांत कसा निघेल? दुसऱ्या कुणी बाईनं मला असं सांगितलं असतं तर मी तिला हाताला धरून नेलं असतं.

का लिहिलं नाही ते सांगते. माफ कर म्हणून नाही, तुला कळावं म्हणून.

रिपोर्ट आला तेव्हा मी यशोदाबाईला विचारलं, मशीन चुकतं का कधी? ती म्हणाली, शंभरात एखादा चुकत असेल. तो एखादा मीच, असं मी धरलं. परत तपासायला लावलं, त्यात सात दिवस गेले. दुसऱ्यांदाही तोच आला. मग तिनं विचारलं, घरात लहान पोर हाय? मी म्हटलं, मी एकटीच असते. मग दोन दिवसांनी, शेजारणीचं असल्यासारखं विचारलं, एखादं पोर महिनाभर असल्या माणसाजवळ निजलं तर काय होतं गं? ती म्हणाली, "बऱ्याच पोरास्नी काय हुत न्हाय. पर आदी तपासाय पायजे, लगेच." मी घरी आले ते 'बऱ्याच पोरांना काही होत नाही' एवढं घेऊन. उरलेलं वाक्य तिच्याच दारात राहिलं.

आणि क्षयाचं पोर कसं दिसतं ते मला माहीत आहे, असं मला वाटत होतं. वखारीच्या मागच्या वस्तीतली पोरं मी बघितली आहेत. हातापायाच्या काड्या, शेंबूड, अंगात फाटका सदरा. भैरवी तशी नाही. गोरी, गुबगुबीत, इंग्रजीतून कविता म्हणते, बंगल्यात राहते. तिला हा रोग शोभत नाही, असंच काहीतरी माझ्या मनात होतं. जसं काही रोग आधी घर बघून येतो.

भीतीही होती. विनोदिनीबाईंना कळलं तर तुला काय काय ऐकावं लागेल. म्हणून मी प्रश्न लिहून पाठवले. तू उत्तर दिलंस आणि सगळं ठीक असलं तर सांगायची गरजच नाही, असा हिशेब. तू गप्प राहिलीस तेव्हा त्याचाही मी सोयीचा अर्थ लावला. पोर आजारी असती तर राग विसरून कळवलं असतंस, म्हणजे ती बरी आहे.

परवा वखारीत मनुबाईला सगळं सांगितलं. ती नेहमी टोमणा मारते, या वेळी मारला नाही. गोणीवर बसली. मग म्हणाली, "आक्का, तू मला बी धुरळाच सांगितलतंस गं." मी म्हटलं, तुझा रिपोर्ट चांगला आलाय. तर म्हणते, "आलाय की. पर आता रातचं खोकला आला की झोप येत न्हाय. आदी यायची." मग एकदम उठली आणि मला म्हणाली, "लिव. आजच्या आज लिव. गप बसलीस तर मी जाती बेळगावला आनि तुज्या ईनबाईच्या दारात बसून बोंब मारती."

पत्रापेक्षा फोन लवकर पोचेल म्हणून जावईबापूंना, राघवेंद्ररावांना, मंगळवारपासून सात वेळा फोन लावला. उचलत नाहीत. माझं नाव बघून उचलत नसतील, असं मनुबाईला सांगितलं. पण हेही माझं सांगणंच झालं. का उचलत नाहीत ते मला माहीत नाही.

माझं औषध चालू होऊन पंचवीस दिवस झाले. आता माझ्यापासून धोका नाही असं डॉक्टर म्हणतात. शनिवारपर्यंत तुझ्याकडून काही कळलं नाही तर रविवारी पहिल्या गाडीनं येते आणि फाटकाबाहेरून ओरडून सांगते. मग गल्लीला ऐकू गेलं तरी चालेल.

आई


बेळगाव
शनिवार, ६ सप्टेंबर २०२५

आई,

तुझा नंबर मी उघडला आहे, पण हे मला फोनवर बोलता येणार नाही. राघवेंद्र गाडी घेऊन तुला आणायला येतो आहे. त्याच्या हातात हे पत्र देते. वाटेत वाच. त्याच्याशी बोलू नकोस, तो तुझ्यावर रागावलेला नाही, पण चार दिवस झोपलेला नाही.

तुझं तिसरं पत्र काल संध्याकाळी घरी आलं. सासूबाईंनी ते दवाखान्यात पाठवलं. आम्ही मंगळवारपासून इथेच आहोत.

भैरवीला जुलैच्या शेवटच्या आठवड्यापासून ताप येत होता. रोज संध्याकाळी, फार नाही. आमचे नेहमीचे डॉक्टर म्हणाले, शाळेत साथ आहे. खरंच होती, तिच्या वर्गात आणखी आठ पोरं तापानं आजारी होती, सगळी चार-पाच दिवसांत बरी झाली. तिचा उतरायचा, परत यायचा. तुझं पहिलं पत्र मी वाचलं होतं. तिच्या मानेला हात लावला होता. गाठ होती. तूच डासांचं लिहिलं होतंस, मीही डास म्हटलं. दुसरं पत्र मी फोडलं नाही. ते अजून कपाटावर आहे.

सोमवारी तिला उलट्या सुरू झाल्या. मंगळवारी सकाळी उठवली तर उठेना. मान वळवली की किंचाळायची. इथे तिच्या पाठीतून पाणी काढून तपासायला दिलं. चार दिवस डॉक्टर वेगळ्याच तापाचं औषध देत होते, कारण आमच्याकडे बघून त्यांना दुसरं काही सुचण्यासारखं नव्हतं. वडील बँकेत, आई शिक्षिका, पत्ता टिळकवाडी. काल तुझं पत्र वाचून मी तू लिहिलेलं वाक्य त्यांना जसंच्या तसं सांगितलं. त्यांनी हातातलं पेन खाली ठेवलं. मला विचारलं, "हे आधी कुणी विचारलं नव्हतं तुम्हाला?"

विचारलं होतं, आई.

एकतीस जुलैला आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी मला सरळ विचारलं होतं, घरात, नात्यात कुणाला जुना खोकला आहे का? मी नाही म्हणाले. तुझ्या घराचा अंगणासकट सगळा देखावा माझ्या डोळ्यांपुढे होता, तू चुलीपुढे वाकून खोकत होतीस, आणि मी नाही म्हणाले. लाज वाटली म्हणून नव्हे. मी तुझ्याशी भांडून आले, तुझं तोंड बघणार नाही म्हणाले, आणि बसमध्ये बसेपर्यंत मला तुझंच पटलं होतं. लहानपणापासून गल्लीतल्या बायका तुझ्यापुढे खोकून दाखवायच्या आणि तू सांगशील ते व्हायचं. आई म्हणते धुरळा, म्हणजे धुरळाच. डॉक्टरांनी खोकल्याचं विचारलं, तर मी तुझा धरलाच नाही. त्याला आज सदतीस दिवस झाले.

क्षय मेंदूपर्यंत पोचलाय असं धरून कालपासून त्याचं औषध नळीतून चाललं आहे. आज सकाळी तिनं डोळे उघडले. मला ओळखलं का, सांगता येत नाही. एका बाजूचा हात हलवत नाही. डॉक्टरांना विचारलं, किती आशा आहे, शंभरात किती? ते म्हणाले, मी आकडा सांगणार नाही, तुम्हीही मनात धरू नका. खाली रस्त्यावर विसर्जनाचे ढोल वाजताहेत, एवढ्या आवाजातही ती दचकत नाही.

तुझे सगळे कागद घेऊन ये. दोन्ही रिपोर्ट, औषधांचं कार्ड, सगळं. डॉक्टरांना तुझ्याकडून एक गोष्ट हवी आहे. तुझा खोकला नेमका कधी सुरू झाला, भैरवी यायच्या किती आधी. ते तुला विचारतील. तारीख आठवत असेल तर तारीख सांग. आठवत नसेल तर अंदाज बांधू नकोस, ऐकून कळतं असं म्हणू नकोस. सरळ 'मला माहीत नाही' असं म्हण. आपण दोघींनीही आजवर ते एकदाही म्हटलेलं नाही.

पूर्णिमा